पांढऱ्या हिरड्या

केमिरीनं जांभई दिली तेव्हा लारास भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलत होती, आणि ते झाकण मग बराच वेळ तिच्या हातातच राहिलं. वाफेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, चटका बसला असावा, पण तिला कळला नाही. मांजराचं तोंड आतून पांढरं होतं. फिकट गुलाबीसुद्धा नाही. ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं, आणि कडेला किंचित पिवळी झाक. जांभई संपली. केमिरीनं हनुवटी पुन्हा थंड लादीवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर गल्लीत भाजीवाला नेहमीसारखा ओरडत होता, शेजारच्यांच्या पिंजऱ्यातला पारवा घुमत होता. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणायचे. मग हे कधीपासून असं होतं?

पांढऱ्या रंगाची तिला ओळख होती. लेक गेंधिस झाली त्या दिवशी रक्त थांबेना, तेव्हा सुईणबाईंनी लारासची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली होती आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं होतं. पापणीच्या आत एक रंग असतो आणि तो जाऊ शकतो, हे तोवर तिला ठाऊक नव्हतं. विद्यापीठात चांगली अन्नरसायनशास्त्र शिकलेली ती, पण ही गोष्ट कुठल्याच तासाला कुणी सांगितली नव्हती. तेव्हापासून तिला पापण्या ओढून बघायची सवयच जडली. गेंधिसच्या रोज, आंघोळीच्या आधी. नवरा सुटीवर आला की तो झोपेत असताना त्याच्या. एकदा बसमध्ये शेजारी पेंगणाऱ्या परक्या बाईच्या डोळ्याकडे तिचा हात जाता जाता राहिला होता. नवरा, बागस, कोळशाच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. फोनवर हसायचा, ‘तुझ्या तपासणीपेक्षा बंदरातले जकातवाले परवडले.’ हसू दे. बघत राहिलं की काही होत नाही, अशी तिची एक आतली समजूत होती, आणि ती तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. पण मांजराची पापणी ओढून बघायचं तिच्या कधी डोक्यात आलं नाही. मांजर म्हणजे घरातलं दुसरं बघणारं माणूस. जे आपल्याबरोबर पहारा देतं त्याच्यावर कोण पहारा ठेवतं?

आता एकेक आठवायला लागलं, उलट्या क्रमानं. फ्रिजच्या माथ्यावरची जागा कितीतरी दिवस रिकामी होती. पिंडांग मासा उकळायला ठेवला तरी पायात घोटाळणं नव्हतं. वाळूच्या तबकातली ओल कोऱ्या चहासारखी तांबूस दिसली होती, तेव्हा तिला वाटलं होतं की या वेळी वाळूच हलकी आलीय. बघितलं सगळं होतं. बघून बाजूला ठेवलं होतं.

“इबू,” तिनं सासूला हाक मारली, “केमिरीच्या तोंडात रक्तच नाहीये.”

बू वार्सिह गेंधिसला कमरेच्या कापडात बांधून ओसरीवरून आत आल्या. “तोंडात रक्त कशाला असेल? उंदीर मारला असता तर असतं. इतक्या दिवसांत एक पाल तरी धरलीय का महाराणीनं?”

“हिरड्यांबद्दल बोलतेय मी. या ना, बघा ना जरा.”

“म्हातारपणी मांजरं आळशी होतात, न्दुक. सुना तरुणपणीच होतात.” सुनेला पोरीसारखं ‘न्दुक’ म्हणत त्या स्वतःच्याच विनोदावर खुसखुसल्या, वाकल्या, आणि केमिरीचा ओठ अंगठ्यानं वर करताच त्यांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. ओठ सोडला तरी त्या वाकलेल्याच राहिल्या. “टोपली काढ,” म्हणाल्या. “आणि पोरीला तुझ्याबरोबर ने. मशिदीत आज बायकांचं पठण आहे, माझी पाळी आहे वाचायची. नाहीतर आले असते गं.”

जनावरांचा दवाखाना सेमारांग शहराच्या वरच्या अंगाला, चढावर होता. भाड्याच्या गाडीत मांडीवर टोपली, कमरेला गेंधिस, आणि टोपलीच्या विणीतून येणारा तो श्वास: भराभर, वरवरचा, धावून आल्यासारखा, आणि मांजर तर धावलेलं नव्हतं. लारासचा स्वतःचा श्वास त्याच लयीत कधी पडायला लागला ते तिला कळलं नाही. चढ लागला तसं खालचं शहर, बंदर, समुद्राची करडी रेघ मागे सरकत गेली आणि तिला बाळंतपणानंतरचे दिवस आठवले. हातपाय गार पडलेले, कितीही पांघरलं तरी ऊब नाही. तेव्हा बू वार्सिहनी खलबत्त्यात लाल कांदे ठेचले होते, खोबरेल घातलं होतं, आणि सुनेचे तळवे मांडीवर घेऊन चोळले होते. आपल्या आईनंही तिचे पाय इतक्या वेळ मांडीवर घेतल्याचं लारासला आठवत नव्हतं. ऊब तळव्यांतून चढली, गुडघ्यांपर्यंत, मग पोटापर्यंत, आणि ती रडली होती. नंतर गेंधिसला पहिला ताप आला तेव्हा तिनं सासूशी वाद घातला, पुरावा काय, कुठल्या अभ्यासात आहे हे. बू वार्सिहनी वाद न घालता नातीचे तळवे, पाठ, टाळू चोळली, आणि संध्याकाळपर्यंत पोर गार. तेव्हापासून शिकलेल्या लारासनं ते काम स्वतःकडे घेतलं. दात येताना, सर्दीत, ढगाळ हवेत, आणि हळूहळू काही नसतानाही. रोज दोन्ही वेळच्या आंघोळीनंतर. न चुकता. हे सगळं तिला गाडीत आठवलं ते केवळ उबेसाठी. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

डॉक्टर युस्तिना लारासपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, बुटक्या, हात मात्र मोठे. त्यांनी आधी केमिरीशी गप्पा मारल्या, मग ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबली आणि अंगठा उचलून बघत राहिल्या. दाबलेल्या जागी रंग परत यायला हवा. आधीच पांढरं, त्यात काय परत येणार? पापणी ओढली. ती ओढताना लारासच्या स्वतःच्या पापणीला आतून काहीतरी खेचल्यासारखं झालं. मग छाती ऐकली, पोट चाचपलं, लव उलटीसुलटी करून पिसवा शोधल्या.

“पडली होती का कुठून? शौचात रक्त? काळं काही?”

“नाही डॉक.”

“जंताचं औषध?”

“वेळच्या वेळी. माझ्या फोनमध्ये आठवण लावलेली आहे.”

“बाहेर भटकते? बोक्यांशी मारामाऱ्या?”

“घराबाहेर पाऊल नाही टाकत ती.” लारासला आपला आवाज परीक्षेतल्या हुशार मुलीसारखा ऐकू येत होता आणि तो थांबवता येत नव्हता.

“शहाणी आई मिळालीय हिला,” डॉक्टर म्हणाल्या, आणि तेवढ्या भीतीतही लारासला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला पुढे फार दिवस छळणार होतं.

रक्ताचा थेंब बारीक काचनळीत घेतला आणि यंत्रात गरगर फिरवला. नळी बाहेर आली तेव्हा डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरली. तळाशी लाल थर साठतो, त्याची उंची बघायची, त्या म्हणाल्या. निरोगी मांजरात तो नळीचा तिसरा हिस्सा तरी भरतो. इथे तळाशी नखाएवढी लाल कड होती आणि वर सगळं पाणी. पाणीही नितळ नव्हतं, लालसर होतं. “रक्त बाहेर गेलेलं नाही,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “बाहेर गेलं असतं तर हे पाणी स्वच्छ राहिलं असतं. आतल्या आत फुटतंय.” मग एक थेंब काचपट्टीवर पसरला, रंग घातला, आणि सूक्ष्मदर्शकावर त्या इतका वेळ वाकून राहिल्या की गेंधिस कंटाळून लारासच्या कानातलं ओढायला लागली.

“रक्तातले किडे असावेत असं वाटलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “पिसवांमधून येतात. पण ते नाहीत. या, तुम्हीच बघा, म्बाक लारास.”

लारासनं डोळा लावला. विद्यापीठानंतर किती दिवसांनी. गोल गोल पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कडेला एक फुगीर ठिपका, चामखिळीसारखा. पेशीनं स्वतःच्या कडेवर एक गाठ मारून ठेवावी तसा. बघवत नव्हतं आणि डोळा हलत नव्हता.

“हा ठिपका दोनतीनच गोष्टी करतात. तापाची गोळी दिली होतीत का?”

“नाही! मांजराला चालत नाही ती, मला माहीत आहे.”

“मग कांदा. लसूण. कशात तरी. तळलेला कांदा वरून घातलेली पेज, रश्शाचा भात, साटेचा मसाला?”

“डॉक, ती ताटातलं काहीच खात नाही. तिचं कोरडं खाणं आणि उकडलेला बिनमसाल्याचा मासा. तो मी स्वतः शिजवते. कांदा मांजराला विष असतो, हे मी शिकलेय, अहो त्यातलं कुठलं द्रव्य काय करतं तेही—”

ती हे म्हणेपर्यंत टेबलावर कुशीवर पडलेल्या केमिरीनं मान उचलली होती. सकाळपासून तिनं पाण्याकडेही पाहिलं नव्हतं. आता मान थरथरत लांब झाली, लारासच्या कमरेवरून लोंबणाऱ्या गेंधिसच्या उघड्या पावलापर्यंत पोचली, आणि तिनं तळवा चाटला. एकदा. दुसऱ्यांदा. पांढरी पडलेली जीभ, कामाला लागलेली. गेंधिस खदखदून हसली, त्या टाइल लावलेल्या खोलीत ते हसू भिंतीभिंतींवर आपटत फिरलं, आणि तिनं दुसरा पायही पुढे केला.

डॉक्टर खाली वाकल्या. पावलाजवळ नाक नेलं आणि सरळ झाल्या. जावातल्या कुठल्या बाईला तो वास ओळखता येत नाही?

लारासला येत नव्हता. ती ब्रेबेसची. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत लाल कांदाच, तिचे वडील कांद्याचे दलाल, घराच्या आढ्याला, पलंगाखाली, अभ्यासाच्या टेबलाच्या पायांशी कांद्याच्या जुड्या. वर्गातल्या परगावच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा तिला कळायचंच नाही की कशासाठी. ब्रेबेसच्या माणसाला कांद्याचा वास येत नाही, जसा आपल्याला आपल्या घराचा येत नाही. आता तिनं स्वतःची बोटं नाकाशी नेली. काहीच नाही. साबण, गेंधिसचं दूध, खोबरेल. पुन्हा हुंगली. काहीच नाही. आणि त्या काहीच-नाहीच्या आत कुठेतरी सगळी संध्याकाळ उलगडत गेली, रोजची, इतक्या महिन्यांची. आंघोळ, चटई, बशीतला ठेचा, तळवे, आणि हाक न मारता येऊन बसणारी केमिरी. गेंधिस इतर वेळी नुसती स्मित करायची. पोट धरून हसायची ती केमिरीची खरखरीत जीभ पायाला लागली की. त्याचं चित्रण लारासनं बागसला पाठवलं होतं, त्यानं बोटीवरच्या सगळ्यांना दाखवलं होतं, ‘माझ्या लेकीचे पाय धुवायला दासी ठेवलीय.’ आणि बशी. बशीच्या तळाला राहिलेला तो तेलकट चोथा केमिरी चाटूनपुसून लखलखीत करायची. लारास म्हणायची, खोबरेलाची चटक लागलीय हिला. म्हणायची, आणि बशी तिच्यापुढे सरकवून द्यायची. ताटातला कांदा तिनं शिताशितातून निवडून काढला होता. बशीतला तिच्या लेखी कांदाच नव्हता. ते औषध होतं.

आणि त्याच्याही मागे, बाळंतपणात. तिच्या स्वतःच्या तळव्यांशी रात्रंदिवस झोपणारं मांजर. तिला वाटलं होतं, मुकं जनावर, पण कळतं त्याला. कितीजणींना तिनं हे सांगितलं होतं. चव तेव्हाच लागलेली होती. तिच्याच पायांवर.

“रोज?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“दोनदा,” लारास म्हणाली. मग तिचा हात आपोआप गेंधिसच्या डोळ्याकडे गेला आणि तिनं पापणी ओढली. लाल होती. दुसरी ओढली. गेंधिस किंचाळली.

“बाळाला नाही काही होत तसं. माणसाचं रक्त वेगळं. अहो, सोडा, रडतेय ती. माझ्या आईनं मलाही चोळलेला आहे.” डॉक्टरांनी तिचा हात धरून खाली घेतला. “माझ्याकडे बघा. आता हिला प्राणवायूत ठेवते. पण त्यावर निभणार नाही, दुसऱ्या मांजराचं रक्त लागेल, आजच. दांडगं, निरोगी मांजर. आहे का कुणाचं?”

लारासचा फोन मिळताच बू वार्सिह भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या तेव्हा पठणाचा पांढरा बुरखा अजून अंगावर होता आणि मांडीवर धुण्याची टोपली, झाकण सुतळीनं करकचून बांधलेलं. आतून गुरगुर. गल्लीच्या तोंडाशी साटेचा, काडीवर भाजलेल्या मांसाचा, गाडा लागतो, त्या गाडेवाल्याचा हा बोका. नाव लुराह, म्हणजे गावचा पाटील, आणि चालही तशीच. बू वार्सिहचं आणि त्याचं वैर अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

“घ्या,” टोपली टेबलावर आपटत त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “दांडगा म्हणालात ना? माझी निम्मी मासळी याच्या अंगात आहे. काढून घ्या, आमचीच आहे ती.” मग नखं लागलेला स्वतःचा हात झटकत बोक्याला, “बघतोस काय, पाटीलबुवा? पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडतोयस.”

लुराहचा थेंब आणि केमिरीचा थेंब काचेवर एकत्र केले. गुठळी झाली नाही. मग त्याला गुंगीचं दिलं, मानेशी लव भादरली, आणि तो पाटीलपणा सोडून लहान बाळासारखा जीभ बाहेर काढून झोपला. पिशवीतून थेंब पडायला लागला. सासूसुना बाकावर बसल्या, गेंधिस आजीच्या मांडीवर पेंगली. लारास त्या नळीकडे बघत होती आणि मनाशी म्हणत होती, आता विचारतील. आता विचारतील. तिच्या जिभेवर दोन उत्तरं तयार होती. एकात ‘तुम्ही’ होतं. ‘तुम्ही शिकवलंत, तुम्ही माझं ऐकलं नाहीत.’ ते उत्तर किती सोपं होतं, किती गोड, तोंडात धरलेल्या खडीसाखरेसारखं.

“कशानं झालं म्हणाल्या डॉक्टर?”

“कांद्यानं,” लारास म्हणाली. “गेंधिसच्या तळव्यांना लावत होते मी. ती चाटत होती. आणि बशी मी द्यायचे.”

नळीतून थेंब पडले, आणखी पडले. गेंधिसचं पाऊल बू वार्सिहनी बुरख्याच्या टोकाखाली झाकून घेतलं, उजेड लागू नये तसं.

“मग पोरीचा ताप कशानं उतरला होता?” त्यांनी विचारलं. त्यात भांडण नव्हतं. खरंच विचारत होत्या.

“माहीत नाही, इबू.”

“बागसला मी चोळलं. त्याच्या बापाला त्याच्या आईनं चोळलं.” त्यांनी काचेपलीकडच्या केमिरीकडे पाहिलं. “आमच्या घरात तेव्हा मांजर नव्हतं. एवढंच.”

एवढंच. लारासला वाटत होतं की चूक म्हणजे काहीतरी मोठं असतं, ती लांबून येताना दिसते, नजर ठेवली की ओळखू येते. इथे दोन चांगल्या गोष्टी एका चटईवर येऊन बसल्या होत्या फक्त. एक औषध आणि एक मांजर. आणि ती दोन्हींकडे बघत, हसत, फोन धरून उभी होती.

संध्याकाळकडे डॉक्टरांनी केमिरीचा ओठ वर केला आणि लारासला बोलावलं. पांढऱ्यावर एक छटा आली होती. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तेवढीच. “हे आपलं नव्हे, पाटलांचं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आपलं तिला स्वतः बनवावं लागेल. बघू.” तो ‘बघू’ आठवडाभर चालला. लारास रोज जायची, हात चुन्यासारखे कोरडे होईपर्यंत धुऊन. घरी खलबत्ता उन्हात पालथा पडला होता. बागसचा फोन आला, तिनं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “ते चित्रण मी काढून टाकू का?”

केमिरी घरी आली ती दुपारी. टोपलीतून उतरली, मानेवर भादरलेला चौकोन, पावलं जपून टाकत. भिंत हुंगली, पाणी प्यायली. लारासनं तोंड उघडून पाहिलं: गुलाबी. खरंखुरं, स्वतःचं गुलाबी. तिला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता. चटईवर आंघोळ झालेली गेंधिस बसली होती, नुसत्या पाण्याचा आणि साबणाचा वास असलेली. तिनं केमिरीला पाहिलं आणि ओरडली, मागे रेलली, आणि दोन्ही पाय पुढे केले.

केमिरी आली. लारासनं तिला अडवायला पुढे केलेला हात मागे घेतला. आता अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. केमिरीनं उजवा तळवा हुंगला. डावा हुंगला. पुन्हा उजव्याकडे आली, बोटांच्या बेचक्यात नाक घातलं, थांबली. मग तिनं तोंड फिरवलं आणि शांतपणे चालत जाऊन दाराशी, उन्हाच्या तुकड्यात, पाठ करून बसली.

मग बू वार्सिह पटकन पुढे झाल्या, खाली बसल्या आणि त्यांनी ते इवलं पाऊल दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेलं. “हाऽम,” त्या म्हणाल्या, “आजी खाते, आजी खाते हं पाय,” आणि तळव्याला ओठ लावून गुदगुल्या केल्या, एकदा, दोनदा, अगदी मांजरीसारखं मान हलवत. गेंधिस हसली नाही. तिनं दुसरा पाय तसाच पुढे धरला होता, आणि आजीच्या डोक्यावरून ती दाराकडे बघत होती.